सायनसचा बलून: कुणासाठी आहे आणि कुणासाठी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत सायनसच्या बिनटाक्याच्या, बिनचिराच्या उपचारांच्या जाहिराती वाढल्या आहेत. बलून सायनुप्लास्टी (सायनसचे अरुंद तोंड बारीक फुगा फुगवून रुंद करणे) हा उपचार खरा आहे आणि योग्य रुग्णाला त्याचा चांगला गुण येतो. पण सरसकट सगळ्यांना तो लागू पडत नाही. चुकीच्या रुग्णावर केला की पैसे जातात, आजार जागच्या जागी राहतो आणि ‘सायनसचे ऑपरेशन करून काही फायदा नाही, पुन्हा होतेच’ ही समजूत आणखी चार घरांत पोचते. मग ज्यांना शस्त्रक्रियेची खरोखर गरज आहे तेही वर्षानुवर्षे अँटिबायोटिकच्या गोळ्या खात बसतात. या विषयावर छापून येणारा बहुतेक मजकूर जाहिरातीचा असतो, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी आतली रचना. कपाळात, गालांच्या मागे, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या अगदी खोल मागे अशा चार ठिकाणी हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांनाच सायनस म्हणतात. त्यांच्या अस्तरातून रोज पातळ स्राव तयार होतो आणि तो बारीक तोंडांतून नाकात उतरतो. गालाची पोकळी मात्र छताजवळ भोक असलेल्या टाकीसारखी आहे. तिचे तोंड वरच्या बाजूला असते, त्यामुळे स्राव आपोआप खाली वाहत नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो ढकलत ढकलत वर नेतात आणि ठरलेल्या तोंडातूनच बाहेर काढतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कॉल्डवेल आणि पॅरिसमध्ये ल्युक यांनी वरच्या ओठाखालून चीर देऊन, हाडाला भोक पाडून ही पोकळी साफ करायची पद्धत आणली. ती अनेक दशके चालली. तिच्यात नाकाच्या तळाशी नवे भोकही ठेवले जाई, पण आतले केस स्राव त्या भोकाकडे न नेता जुन्याच, बुजलेल्या तोंडाकडे नेत राहत. ऑस्ट्रियातील ग्राझचे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीतून या प्रवाहाचा अभ्यास केला, त्यांचे सहकारी स्टॅमबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी १९८५ च्या सुमारास त्यावर आधारलेली शस्त्रक्रिया जगभर नेली. आज आपण जिला ‘फेस’ (फंक्शनल एंडोस्कोपिक सायनस सर्जरी) म्हणतो ती हीच. निसर्गाने दिलेले तोंड मोकळे करायचे आणि अस्तर शक्य तितके जपायचे, एवढे तिचे सूत्र. बलूनही याच सूत्रावर चालतो.

आता निदान, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. जुनाट सायनसचा संसर्ग म्हणायला तक्रारी सलग १२ आठवड्यांपेक्षा जास्त हव्यात. नाक चोंदणे, पुढून किंवा घशात घट्ट पिवळसर स्राव उतरणे, चेहऱ्यावर दाब किंवा दुखणे, वास कमी येणे, या चारांपैकी किमान दोन हव्यात आणि त्यांत चोंदणे किंवा स्राव यांपैकी एक असायलाच हवे. शिवाय दुर्बिणीतून किंवा सीटी स्कॅनवर पुरावा हवा. नुसते डोके दुखते, कपाळ जड होते, नाक मात्र स्वच्छ आहे, तर तो बहुधा सायनस नसतो. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘सायनसची डोकेदुखी’ म्हणून आलेले सुमारे तीन हजार रुग्ण तपासले गेले, त्यांतल्या ८८ टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीच्या वर्गात बसत होती. अर्धशिशीच्या माणसाच्या नाकात बलून फुगवून त्याची अर्धशिशी जाणार नाही.

सीटी कधी काढायचा यालाही महत्त्व आहे. सर्दी ऐन भरात असताना काढलेल्या सीटीत सायनस भरलेलेच दिसतात. १९९४ च्या एका अभ्यासात साध्या सर्दीच्या रुग्णांचे सीटी काढले तेव्हा ८७ टक्क्यांच्या गालाच्या पोकळ्यांत बदल दिसले होते, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा काढले तेव्हा बहुतेकांत ते कोणत्याही शस्त्रक्रियेविना ओसरलेले होते. म्हणून आधी सहा ते आठ आठवडे औषधोपचार नीट करायचा आणि तरीही त्रास राहिला तर सीटी काढायचा. साधा, रंगद्रव्याविना, बारीक कापांचा आणि तिन्ही दिशांनी मांडलेला सीटी पुरतो. फिल्मसोबत सीडीही मागून घ्यावी, कारण शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनला एकेक काप पुढे-मागे करून पाहावा लागतो. साध्या एक्स-रेवर शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

‘औषधोपचार नीट’ म्हणजे काय, हे कुणी बसून समजावत नाही. पाच दिवस अँटिबायोटिक आणि रात्री सर्दीची गोळी, एवढ्याला उपचार म्हणत नाहीत. पाया दोन गोष्टींचा असतो, मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि स्टेरॉइडचा स्प्रे. प्रौढांसाठी साधारण २४० मिली पाण्याची दाबायची बाटली मिळते. मेडिकलमधली तयार पुडी वापरावी, किंवा आयोडीन नसलेले मीठ तीन चमचे आणि खाण्याचा सोडा एक चमचा असे मिश्रण कोरड्या डब्यात करून ठेवावे आणि दर वेळी त्यातले एक सपाट चहाचा चमचा घ्यावे. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळायचे आणि कोमट करूनच वापरायचे. थेट पाइपलाइनचे असो, बोअरचे असो की घरच्या आरओचे, न उकळता नाकात घालू नये. पिण्याला योग्य असलेले पाणी नाकात घालायलाही योग्य असतेच असे नाही. गोड्या पाण्यात आढळणारा नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचतो, आणि केरळात २०२४ पासून त्याचे रुग्ण सातत्याने सापडत आहेत. जलनेती वर्षानुवर्षे करणाऱ्यांनाही हे लागू आहे. बाटली रोज धुऊन, पालथी घालून कोरडी करावी आणि दर तीन महिन्यांनी बदलावी.

धुताना सिंकवर वाकायचे, तोंड उघडे ठेवून ‘आ’ म्हणत राहायचे आणि बाटली हलकेच दाबायची. डोके मागे टाकले तर पाणी घशात आणि कानात जाते. धुऊन दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे. तो मारताना मान किंचित पुढे झुकवावी, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा. टोक त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने हवे, मधल्या पडद्याकडे नको. पडद्यावर फवारा बसत राहिला की खपल्या धरतात, रक्त येते आणि लोक ‘स्प्रे सोसत नाही’ म्हणून सोडून देतात. जोरात ओढूही नये, नाहीतर औषध थेट घशात जाते. गुण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. याउलट नाक झटक्यात मोकळे करणारे थेंब पाच दिवसांपुढे घालू नयेत. त्यांची सवय लागली की थेंबांमुळेच नाक चोंदते, आणि असे रुग्ण ‘हाड वाढलंय’ म्हणून शस्त्रक्रियेला येतात.

एवढे करूनही त्रास राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार. बलूनला अमेरिकेत २००५ साली परवानगी मिळाली. नाक बधिर करून, कधी झोपेच्या औषधाखाली, दुर्बिणीतून एक वाकडी नळी सायनसच्या तोंडाशी नेतात. तिच्यातून टोकाला दिवा असलेली बारीक तार आत सरकवतात. तार खरोखर पोकळीत शिरली की गालावर किंवा कपाळावर कातडीतून लालसर उजेड दिसतो. हीच खूण. तारेवरून ५ ते ७ मिमी व्यासाचा बलून तोंडात बसवून हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ८ ते १२ पट दाबाने काही सेकंद फुगवतात, सोडतात, गरज पडल्यास थोडा सरकवून पुन्हा फुगवतात. तोंडाभोवतीचे पातळ हाड बारीक तडकून बाजूला होते, अस्तर बहुतांशी शाबूत राहते. मग पोकळी सलाइनने धुऊन घेतात. रक्तस्राव कमी आणि बहुतेकांना दोन-चार दिवसांत कामावर जाता येते.

हे सगळे खरे, पण मर्यादा त्यातच आहे. बलून तोंड रुंद करतो, आत काही असेल तर ते काढत नाही. कपाळाची, गालाची आणि मागची पोकळी यांना एकेकच तोंड असते, तिथे तो चालतो. डोळ्यांमधल्या पोकळ्या मधाच्या पोळ्यासारख्या बारीक-बारीक कप्प्यांच्या असतात, तिथे बलून फुगवायला जागाच नसते. पॉलिप (अस्तराचे मऊ, लोंबते फुगवटे) असतील, बुरशीचा गोळा असेल, पूर्वीच्या शस्त्रक्रियेने हाड जाड झाले असेल, तर बलून निरुपयोगी. म्हणजे ज्याच्या एक-दोन पोकळ्यांची तोंडे अरुंद आहेत, पॉलिप नाहीत आणि मधले कप्पे बऱ्यापैकी स्वच्छ आहेत, असा रुग्ण बलूनचा. वयस्कर, हृदयरोगी, पूर्ण भूल न सोसणारे काही रुग्णही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटले की, तक्रारी आणि सीटीतला दोष ही दोन्ही असल्याखेरीज बलून करू नये, आणि सीटीविना तर अजिबात नाही. केवळ डोकेदुखीसाठीही नाही. बलून सुचवला गेला तर रुग्णाने नेमके एवढेच विचारावे: माझी कोणती पोकळी, सीटीच्या कोणत्या कापावर दिसते, आणि मधल्या कप्प्यांचे काय?

बलून फसतो तो बहुधा एका ठरलेल्या कारणाने. गालाच्या पोकळीला काही जणांना मूळ तोंडाच्या मागे आणखी एक जादा भोक असते. तार सहज त्या भोकात शिरते, उजेडही दिसतो, बलून तिथेच फुगतो. मूळ तोंड पुढे बंदच राहते. कधी दोन्ही उघडी राहतात आणि एकातून बाहेर आलेला स्राव दुसऱ्यातून पुन्हा आत जातो. अशा रुग्णाच्या घशात स्राव उतरणे कधी थांबत नाही.

उरलेल्यांसाठी, म्हणजे जुनाट सायनसच्या बऱ्याच मोठ्या गटासाठी, दुर्बिणीची फेस शस्त्रक्रियाच योग्य. तीही बाहेरून चीर न देताच होते, हे जाहिराती सांगत नाहीत. पूर्ण भूल, डोक्याची बाजू १५ ते २० अंश वर, रक्तदाब बेतशीर खाली, नाकात अ‍ॅड्रेनालिनच्या पट्ट्या. ही तयारी चांगली झाली की रक्त कमी येते आणि दुर्बिणीतून स्वच्छ दिसते. इथे रक्ताचा थेंबसुद्धा दुर्बिणीच्या काचेवर आला की सर्जनला काही दिसेनासे होते, म्हणून भूलतज्ज्ञाचा वाटा सर्जनइतकाच मोठा. ४ मिमी जाडीची दुर्बीण, आधी सरळ, मग ३० आणि ७० अंशांची. आधी नाकाच्या बाजूचे कोयत्याच्या आकाराचे पातळ हाड काढून गालाचे मूळ तोंड उघडतात, मग मधले कप्पे एकेक करून, शेवटी गरज असेल तरच कपाळाकडची वाट. पॉलिप ओढून न तोडता मायक्रोडिब्रायडरने कापून शोषून घेतात, म्हणजे शेजारचे अस्तर सोलले जात नाही.

धोका आहे, पण तो लपवण्याचे कारण नाही. डोळ्याची खोबण आणि हे कप्पे यांच्यामध्ये कागदाइतके पातळ हाड असते आणि वर मेंदूचा तळ. तिथली गंधाची चाळणी कुणात १ ते ३ मिमी खोल तर कुणात ८ मिमीहून अधिक खोल असते. हे सीटीवर आधीच मोजतात. गंभीर गुंतागुंत शंभरात एकाहूनही कमी जणांना होते. तरी घरी गेल्यावर डोळा सुजून पुढे आला, दिसायला अंधुक झाले, किंवा खाली वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा खारट थेंब टपटपू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात यावे. ‘सर्दी असेल’ म्हणून थांबू नये.

आणि आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते तो. फेसनंतरचे सहा आठवडे. पुन्हा त्रास होण्याची मोठी कारणे तीन: मधला पाकळीसारखा भाग (टर्बिनेट) बाहेरच्या भिंतीला चिकटून बसणे, पातळ हाडाचा तुकडा मागे राहणे, आणि मूळ तोंड चुकणे. पहिले कारण नंतरच्या सफाईने टाळता येते. म्हणून साधारण एका आठवड्याने, मग तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात दुर्बिणीने आतल्या खपल्या आणि जाळी काढून घ्यायच्या. ही जाळी पहिल्या आठवड्यात कापसाने सुटते, दोन महिन्यांनी तिला कात्री लागते. पण पहिल्या भेटीला बरे वाटले की गडहिंग्लज-चंदगडकडचे रुग्ण एसटीचा खर्च आणि रोजगाराचा खाडा टाळायला पुढच्या भेटी सोडतात, आणि डॉक्टरही भेटीचे महत्त्व सांगायला कमी पडतात. शस्त्रक्रियेचा खर्च सांगतानाच या तीन भेटींचा खर्च आणि तारखा लिहून द्याव्यात, ही व्यवसायातल्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे.

घरी मिठाच्या पाण्याने धुणे दुसऱ्याच दिवसापासून, दिवसातून दोन-तीनदा. पॉलिप असलेल्यांना डॉक्टर कधी बुडेसोनाइड या स्टेरॉइडची अर्धा किंवा एक मिलीग्रॅमची रेस्प्यूल (छोटी कुपी) त्याच २४० मिलीत मिसळायला सांगतात. स्वतःच्या मनाने मिसळू नये. पहिले दोन आठवडे नाक शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून द्यायची. वजन उचलणे, वाकून कपडे धुणे, जोर-बैठका बंद. तालमीत जाणाऱ्यांनी निदान महिनाभर कुस्ती धरू नये. गुलाबी पाणी येणे ठीक. ताजे लाल रक्त सलग येत राहिले तर फोन करावा. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती शस्त्रक्रियेआधी किती दिवस बंद करायची हे हृदयाच्या डॉक्टरांनीच ठरवावे. ‘आठवडाभर बंद केली’ असे परस्पर करू नये.

पॉलिपवाल्यांनी एक गोष्ट आधीच पक्की समजून घ्यावी. फेस करून पॉलिप निघतात, ते वाढवणारी प्रवृत्ती निघत नाही. पुढे स्प्रे किंवा औषधी धुणे चालूच ठेवावे लागते. ज्यांना दमाही आहे आणि वेदनाशामक गोळी घेतल्यावर धाप लागते, त्यांच्यात ते लवकर परततात. अशांसाठी दर दोन आठवड्यांनी घ्यायचे डुपिलुमॅबचे इंजेक्शन २०१९ पासून पॉलिपसाठीही वापरात आले, पण त्याची किंमत सामान्य घराला पेलणारी नाही.

एकाच बाजूचा सायनस हा वेगळा विषय. एका नाकपुडीतूनच दुर्गंधीयुक्त पू येत असेल तर आधी वरच्या दाढा तपासाव्यात. दाढेचे मूळ गालाच्या पोकळीच्या तळाला टेकलेले असते. किडलेल्या दाढेचा किंवा इम्प्लांटचा उपचार न करता बलून वा फेस केली तर महिन्याभरात पू पुन्हा येतो. एकाच बाजूला पॉलिपसारखे काही दिसले तर तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. मधुमेह्यांनी २०२१ ची काळी बुरशी विसरू नये. साखर वाढलेली असताना गाल बधिर होणे, डोळा दुखणे, टाळूवर काळा चट्टा, यांत बलूनचा काही संबंध नाही. त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात जावे.

कामाच्या जागेबद्दल दोन शब्द. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत फेटलिंग आणि शॉट ब्लास्टिंगची (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामांची) धूळ, हुपरीत चांदीच्या कामातल्या आम्लाच्या वाफा, हंगामात गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर, हे नाकाच्या अस्तरातल्या केसांची हालचाल मंदावतात. तोंडाला रुमाल बांधून बारीक सिलिकाची धूळ अडत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ लागतो. शस्त्रक्रियेनंतर निदान तीन-चार आठवडे अशा जागी काम नको, आणि कारखान्यांनी तेवढी रजा नाकारू नये.

शेवटी पैशाचे. विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विमा कंपन्यांनी वगळू नये अशी यादी दिली, तिच्यात बलून सायनुप्लास्टी आहे. पण कंपन्यांना मर्यादा घालता येते. ‘आरोग्य संजीवनी’त या यादीतल्या उपचारांना विमा रकमेच्या ५० टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. सायनसच्या शस्त्रक्रियांना बहुतेक पॉलिसींत सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, बऱ्याचदा दोन वर्षांचा, असतो. आणि दवाखान्याच्या खोलीत ओपीडी म्हणून केलेला बलून डे-केअरमध्ये धरला जात नाही, दावा फेटाळला जाऊ शकतो. म्हणून लेखी पूर्वमंजुरी घ्यावी. महात्मा फुले योजनेत कोणती शस्त्रक्रिया कुठे बसते हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे. बलूनचे साहित्य एकदाच वापरायचे म्हणून बनलेले असते. बिलात त्याची पूर्ण किंमत लावली असेल तर वेष्टनावरचा स्टिकर, ज्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते, तो आपल्या केसपेपरवर चिकटवून मागावा.

आपला,
एक कान-नाक-घसा तज्ज्ञ,
कोल्हापूर